सतरा-अठरामधली भिंत

नलूमावशीने उभ्या आयुष्यात हाऊजीचं एकही तिकीट घेतलं नाही. आमच्या काळाचौकीच्या चाळीत गणपतीतल्या हाऊजीचे नंबर तीच पुकारायची, आणि पुकारणाऱ्याने स्वतः खेळायचं नसतं, हा तिचा कायदा होता. मंडळाचे अध्यक्ष बदलले, मूर्तिकार बदलला, कर्णे जाऊन मोठमोठे स्पीकर आले. पण त्या माईकमागची ठेंगणी, गोरी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावणारी बाई काही बदलली नाही. नवरा गेल्यावर कुंकू पुसायला निघालेल्या बायकांना तिने "हात लावलात तर बघा" असं म्हटलं होतं म्हणे. ते मी ऐकलेलं. कुंकू मात्र शेवटपर्यंत पाहिलेलं.

आमची चाळ तळमजला धरून पाच मजल्यांची. मजल्याला अठरा खोल्या, म्हणजे एकूण नव्वद. हाऊजीत आकडेही नव्वदच. हा योगायोग आहे असं तिला कोणीही पटवू शकलं नाही. "बांधणाऱ्यान विचार करून बांधल्यान," ती म्हणायची. त्यामुळे इतर ठिकाणी हाऊजीत आकड्यांना जी गमतीची नावं देतात, ती आमच्याकडे कधी लागलीच नाहीत. आमच्याकडे आकडा म्हणजे खोली आणि खोली म्हणजे माणसं.

"नंबर पाच! परबांकडे नातू झालो, पेढे अजून इले नाय!"

"एकावन्न! बाबल्या दहावी पास, तिसऱ्यांदा बसलो होतो तो!"

"अठ्ठ्याहत्तर! रेडिओ हळू लावा!"

तिकिटावर आकडा खोडता खोडता चाळभरची बातमी कळायची. ज्यांचं नाव निघायचं ते लाजायचे, चिडायचे, पण पुढच्या वर्षी आपल्याबद्दल काय बोलेल म्हणून पहिल्या रांगेत येऊन बसायचे. ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलेलं असेल, त्या आकड्याला मात्र ती काही जोडायची नाही. नुसता आकडा म्हणायची, थोडी थांबायची, आणि मग पुढचा काढायची. त्या थांबण्यात पोरंसुद्धा गप्प व्हायची. त्यांना कोणी सांगितलेलं नसायचं.

खेळ सुरू करण्याआधीचा तिचा एक विधी होता. बांगड्या कोपरापर्यंत वर सारायच्या, दोन्ही तळहात लोकांना दाखवायचे, आणि मग लाकडी सोंगट्यांच्या खादीच्या पिशवीत उजवा हात घालायचा. हात पिशवीत असताना तोंड गणपतीकडे. पिशवीकडे चुकूनसुद्धा बघायचं नाही. एकदा मी लहानपणी विचारलं होतं, "मावशी, बघितलं तर काय होतं?" ती म्हणाली, "हात आंधळो होया, चेडवा. हाताक दिसाक लागला काय खेळ संपलो."

ती अठरा नंबरला, तावडे. आम्ही सतरा नंबरला, कांबळे. तळमजल्यावरच्या शेवटच्या दोन खोल्या, मध्ये फळ्यांची भिंत आणि तिला दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं लागलेला चुना. त्या भिंतीतून आम्हाला त्यांचं आणि त्यांना आमचं सगळं ऐकू यायचं. प्रसादला, म्हणजे तिच्या मुलाला, पाढे येत नव्हते ते मला माहीत होतं आणि मला गणितात किती मिळाले ते त्याला. माझ्या आईचं आणि नलूमावशीचं लग्न एकाच वर्षी झालं, दोघी एकाच उन्हाळ्यात चाळीत आल्या. आई साताऱ्याकडची, बोलायला कमी. नलूमावशी मालवणची, तिला बोलायला कोणीतरी लागायचंच. पण मावशीची सासू होती. तिला आमच्या घरचं पाणी चालत नसे, आणि सुनेने आमच्याकडे जाऊन बसावं हे तर मुळीच नाही. म्हणून सासू दुपारी आडवी झाली की नलूमावशी खलबत्त्याचा बत्ता घेऊन भिंतीवर दोनदा ठोकायची. दोन ठोके म्हणजे चहा टाकलाय. आई लाटण्याने एकदा ठोकायची. एक ठोका म्हणजे आले. मग मागच्या गल्लीत, मोऱ्यांच्या दारात उभ्या राहून दोघी चहा प्यायच्या. सासूने कधी विचारलंच तर नलूमावशी सांगायची, "मसालो कुटतंय." दोन ठोक्यांत कसला मसाला कुटला जातो, हे त्या म्हातारीला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

सासू होती तोवर चहा मागच्या दारी होता. सासू गेल्यावर पुढच्या दारी आला. ठोके मात्र तसेच राहिले. वैशाखात बुद्धपौर्णिमेची खीर आमच्याकडे शिजायची आणि ती ढवळायला मावशी हजर असायची. गोड कमी पडलंय असं दरवर्षी तिचं म्हणणं असायचं, आणि आई ते दरवर्षी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

बाबा गेले त्या वर्षीची हाऊजी मला नीट आठवते. आई घराबाहेर पडत नव्हती. जेवायची, कामं करायची, पण उंबरा ओलांडायची नाही. गणपतीत बाहेर खेळ सुरू झाला तेव्हा ती दिवा न लावता आतच बसून होती. मी दारात उभी होते. मावशीने पिशवीतून सोंगटी काढली आणि माईकवर म्हणाली, "सतरा." मला वाटलं, आता ती नेहमीसारखी थांबेल आणि पुढे जाईल. ती थांबली खरी. पण मग म्हणाली, "सतरा नंबर. शांता, भायर ये. खुर्ची धरून ठेवलंय."

सगळी चाळ मागे वळून आमच्या दाराकडे बघायला लागली. मला त्या क्षणी मावशीचा राग आला होता. आई उठली, पदर सारखा केला आणि माझ्या बाजूने बाहेर गेली. पहिल्या रांगेत खरंच एक खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर मावशीची बाजाराची पिशवी ठेवलेली होती.

पुढे चाळ पाडायची ठरली. त्या जागी उंच इमारत होणार, प्रत्येकाला मोठं घर मिळणार, संडास आत. सगळे खूश होते. मावशीही खूश होती, पण बिल्डरच्या माणसाला तिने एकच प्रश्न विचारला, "भिंती कसले असतले?" तो म्हणाला, "एकदम पक्क्या, काकू. शेजारच्यांचा आवाज पण येणार नाही." तिचं तोंड उतरलं ते मी बघितलं.

बांधकाम होईपर्यंत नलूमावशी आणि प्रसाद शीवच्या बाजूला भाड्याने गेले, आम्ही माटुंग्याला. त्या काळात ठोक्यांचे मिस्ड कॉल झाले. दुपारी आईच्या फोनवर दोनदा रिंग वाजून बंद व्हायची. आई तिला एक द्यायची. मग दोघी आपापल्या घरात चहा प्यायच्या. फोन उचलून बोलत का नाही, असं मी एकदा विचारलं, तर आई म्हणाली, "बोलायचं काय त्यात?" गणपती जवळच्या एका हॉलमध्ये बसायला लागला, आणि पाडून टाकलेल्या चाळीच्या नव्वद खोल्या मावशी तिथेही पुकारत राहिली. नव्या सुना आणि जावई एकमेकांकडे बघायचे. बाकीच्यांना ती पडलेली चाळ तेवढ्या तासाभरासाठी परत मिळायची.

घरं तयार झाली तेव्हा कोणाला कुठलं घर हे सोडत काढून ठरवायचं असा निर्णय झाला. चिठ्ठ्या कोणी काढायच्या यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडण व्हायची वेळ आली, आणि मग मागून कोणीतरी ओरडलं, "नलूकाकी!" त्यानंतर कोणी दुसरं नाव घेतलं नाही. नव्वद घरांचा एकमेकांवर नव्हता तेवढा विश्वास त्या एका हातावर होता.

सोडतीच्या थोडं आधी तिची पंच्याहत्तरी आली. प्रसाद आता ऐरोलीला मोठ्या कंपनीत होता. त्याने ठरवलं, आईला पणजीला न्यायचं, कॅसिनोत. "आयुष्यभर दुसऱ्यांचे नंबर काढलेत तिने," तो मला म्हणाला, "एकदा तरी तिला खेळू दे ना यार." मावशी म्हणाली, "शांता नाय तर मी पण नाय." आई म्हणाली, "सुजाता येणार असेल तर बघू." अशा रीतीने जुगाराच्या बोटीवर जायला एक मालवणी विधवा, एक सातारी विधवा, एक आयटीतला मुलगा आणि शीवच्या शाळेत मूल्यशिक्षणाचा तास घेणारी मी, अशी चौघं निघालो.

मांडवीच्या पात्रात दिव्यांनी मढवलेली ती बोट उभी होती. धक्क्यावरून छोट्या होडीने तिकडे नेतात. मनगटाला कागदी पट्टा बांधतात. मावशीने तो पट्टा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "इस्पितळात बांधतत तसलो." वर गेल्यावर आधी नाचगाण्याचा कार्यक्रम होता. पिसं लावलेल्या मुली नाचत होत्या. आई मान खाली घालून पर्समधलं काहीतरी शोधत बसली. मावशी मात्र टक लावून बघत होती. शेवटी मला म्हणाली, "पोरींका थंडी लागत नाय काय गो? एसी केवढो लावल्यानी हत!" आणि नाच संपल्यावर सगळ्यांत जोरात टाळ्या तिनेच वाजवल्या.

मग जेवण. इथून तिथवर मांडलेली भांडी, काय घ्यावं आणि काय सोडावं कळू नये असं. मावशीने सगळं ओलांडून सोलकढी शोधून काढली, एक घोट घेतला आणि "नारळ पावडरीचो" असा निकाल दिला. आम्ही खिडकीजवळ बसलो, आणि तिथे प्रसादने विषय काढला.

"आई, एक सांगायचं होतं. सोडतीचं. राणेशी बोललोय मी." राणे म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. "एका मजल्यावरची शेजारशेजारची दोन घरं. त्या दोन चिठ्ठ्यांचा कोपरा जरा दुमडलेला असेल. तुझ्या हाताला बरोबर लागेल. सतरा आणि अठरा पुकारले की त्या काढायच्या. बस. तू आणि शांतामावशी परत भिंतीला भिंत."

 मावशीने भाताचा घास केला, तो ताटातच राहिला. मी आईकडे बघितलं. माझी आई कधी कोणाकडे काही मागत नाही. बाबांच्या आजारात भावांकडेसुद्धा तिने काही मागितलं नव्हतं. ती मावशीकडे बघत म्हणाली, "घे की नले. कोणाचं काय जातंय?"

"तुका होया?" मावशीने विचारलं.

"व्हय," आई म्हणाली. "आता या वयात नवा शेजार मला नाही जमायचा."

मावशीने मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, ते मला तेव्हा कळलं नाही. प्रसादला ते हो वाटलं. तो खुशीत आइस्क्रीम आणायला उठला.

जेवणानंतर तो आम्हाला खेळायच्या दालनात घेऊन गेला. हिरव्या कापडाचं लांब टेबल, एका टोकाला फिरणारं चाक, त्यात पळणारी पांढरी गोळी. टेबलाच्या पलीकडे काळा कोट घातलेली एक तरुण मुलगी खेळ चालवत होती. कापडावर तीन-तीनच्या ओळींत आकडे छापलेले होते. मावशीने चष्मा पुसला आणि टेबलावर ओणवी झाली.

"एक, दोन, तीन... परब खंय? हां, पाच. हे बघ शांते, बारा, पेटीवाले तांबे. सोळा, सतरा..." तिचं बोट आकड्यांवरून चाळीतल्या गॅलरीतून चालावं तसं चाललं होतं. छत्तीसवर येऊन ते थांबलं. "वरचे मजले खंय गेले?"

"एवढेच असतात, आई," प्रसाद म्हणाला.

"तळमजलो आणि पयलो मजलो, बस? अर्धी चाळ पण नाय ही!"

शून्य कुठे आहे ते तिने वर शोधून काढलं. ते हिरव्या रंगात होतं. "हो आपलो नळ," तिने जाहीर केलं.

पॅकेजात मिळालेल्या रंगीत चकत्या प्रसादने तिच्यासमोर ठेवल्या आणि कुठल्या आकड्यावर लावणार म्हणून विचारलं. ती कितीतरी वेळ सतरा आणि अठराकडे बघत राहिली. एक चकती उचलली, सतरावर नेली, परत घेतली, अठरावर नेली, परत घेतली. मग त्या दोन चौकोनांच्या मधल्या पांढऱ्या रेघेवर बोट ठेवून तिने त्या मुलीला विचारलं, "बाय, हयसर भिंतीर ठेवला तर चलात?"

प्रसाद भाषांतर करायला पुढे झाला, पण ती मुलगी हसली. सावंतवाडीची निघाली ती. म्हणाली, "चलात, आजी. दोघांतला खंयचाय इला तरी तुमचाच."

मावशीने आईकडे बघितलं. तिच्या तोंडावर जे काही होतं ते मी आधी पाहिलेलं नव्हतं. चकती तिने त्या रेघेवर अगदी मधोमध ठेवली, आईचा हात धरून आईची चकतीही तिच्यावर ठेवायला लावली, आणि गोळी सुटली.

गोळी पाचवर पडली. "परब!" मावशी ओरडली आणि टाळ्या वाजवल्या. आजूबाजूचे लोक बघायला लागले. त्यांना वाटलं, म्हातारी जिंकली. परत चकत्या भिंतीवर. या वेळी एकतीस. "इंदूची खोली! पोरगी दुबईत आसा तिची!" पुन्हा टाळ्या. त्यानंतर शून्य आलं, टेबलावरच्या सगळ्यांच्या चकत्या गेल्या, आणि ही म्हणाली, "नळ! पाणी गेला!" तिथे एक गंभीर चेहऱ्याचा गुजराती माणूस बराच वेळ हरत होता, तोही हसला. त्यानंतर तो कुठलाही आकडा आला की आधी मावशीकडे बघायचा, हे कोणाचं घर म्हणून.

मला आठवतंय, मी तिथे उभी राहून हसत होते. दालनभर लोक आपला आकडा यावा म्हणून श्वास रोखून होते, आणि हिला कुठलाही आकडा आला तरी आनंदच होत होता. तिला स्वतःसाठी खेळताच येत नव्हतं.

शेवटच्या चकत्या उरल्या. आईने या वेळी आपण होऊन आपली चकती भिंतीवर ठेवली. दोघी टेबलाची कड धरून उभ्या. गोळी घरंगळत आली, अठरापाशी रेंगाळली असं वाटलं, आणि उडी मारून विसात जाऊन बसली.

"आपलं नाही आलं, नले," आई हळूच म्हणाली.

"गायकवाडांचा इला," मावशी म्हणाली, पण टाळ्या वाजवल्या नाहीत.

त्या सावंतवाडीच्या मुलीची पाळी संपली होती. दुसरी मुलगी येऊन उभी राहिली. जायच्या आधी पहिलीने बाह्या जरा वर केल्या, दोन्ही हात एकमेकांवर झटकले आणि उघडे तळवे सगळ्यांना दाखवले. तिकडे तशी रीतच असते, हातात काही लपवलं नाही हे दाखवायची. मग ती निघून गेली.

मावशी तिच्या पाठीकडे बघत राहिली. "बघितलंस, शांते?" ती म्हणाली. "हात दाखवल्यान."

परत येताना होडीत ती प्रसादच्या शेजारी बसली होती. नदीवर वारा होता. प्रसादच्या गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "राणेक सांग, सगळ्या चिठ्ठ्यांक सारखी घडी घाल म्हणान. कोपरो नको."

"आई, अगं पण..."

"सांग तेका. माझ्या हाताक दिसाक लागला तर मी खंयच्या तोंडान तळवो दाखवू?"

आई होडीच्या दुसऱ्या टोकाला होती. तिने ऐकलं. पदर अंगाभोवती ओढून घेतला आणि तोंड पाण्याकडे फिरवलं.

सोडतीच्या दिवशी हॉल भरलेला होता. मावशीने सगळ्या चिठ्ठ्यांच्या घड्या लोकांसमोर घालायला लावल्या आणि आपल्या खादीच्या पिशवीत टाकल्या. बांगड्या वर सारल्या. तळवे दाखवले. त्या दिवशी समोर गणपती नव्हता, म्हणून तोंड खिडकीकडे केलं. राणे जुन्या खोलीचा नंबर वाचायचे, ती चिठ्ठी काढून द्यायची. एक एक करत सोळा झाले.

"सतरा. कांबळे."

"बारावा मजला, तीन नंबर," मावशीने माईकवर वाचलं. हॉलमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं की आता तिला बाराव्याचा दोन किंवा चार नंबर हवा आहे. पोरंसुद्धा उठून उभी राहिली. दोन्ही चिठ्ठ्या अजून पिशवीतच होत्या.

"अठरा. तावडे."

तिचा हात आत गेला आणि आतच राहिला. तोंड खिडकीकडेच होतं. डोळे तिने मिटून घेतले होते. मग चिठ्ठी बाहेर आली. ती उघडून बघितल्यावर ती गणपतीतल्यासारखीच थांबली आणि मग तिने त्याच आवाजात वाचलं, "सातवा मजला. एक नंबर." आणि म्हणाली, "एकोणीस बोला, राणेनू."

आई उठून बाहेर गेली. मावशीने तिला जाताना बघितलं, आणि उरलेली सगळी घरं काढली.

अदलाबदलीचं विचारून झालं. मावशीच्या नव्या शेजारणीच्या सासऱ्यांचे गुडघे गेलेले, ते वर जायला तयार नव्हते. आमच्या बाराव्यावरच्या शेजाऱ्यांना गॅलरीतून शिवडीची खाडी दिसायची, ते खाली यायला तयार नव्हते. आणि आईने बोलणंच टाकलं होतं. दुपारी फोन दोनदा वाजून बंद व्हायचा. आई फोन पालथा घालून ठेवायची. मी समजावायला गेले तर म्हणाली, "तिला तिचा हात मोठा." एवढं कडू मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. पण मी तिला दोषही देऊ शकत नव्हते. तिने आयुष्यात एकदाच एक गोष्ट मागितली होती.

राहायला आल्यावर मावशीने म्हणे घरातल्या सगळ्या भिंती बत्त्याने ठोकून पाहिल्या. बिल्डरचा माणूस खरं बोलला होता, आवाज जातच नव्हता. मग ती दाराबाहेर आली. जिन्याशेजारी आगीच्या बंबाचा जाडजूड लाल लोखंडी पाइप तळापासून गच्चीपर्यंत गेलेला आहे. तिने त्याच्यावर ठोकलं.

बाराव्या मजल्यावर आमचं दार उघडं होतं. आई तांदूळ निवडत होती. पाइपमधून दोन ठोके आले. मी बघितलं, आईचा हात ताटात तसाच थांबला. ती उठली नाही. दुसऱ्या दिवशीही उठली नाही. त्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर "पाइप कोण वाजवतंय?" अशी विचारणा झाली, प्लंबर येऊन "हवा भरली असेल" असं सांगून गेला आणि लिफ्टमध्ये नोटीस लागली की आगीच्या पाइपला कोणीही हात लावू नये. आईने ती नोटीस लिफ्टमधून वर येताना वाचली. घरात आली, पिशवी ठेवली, ओट्यावरचं लाटणं उचललं, बाहेर गेली आणि पाइपवर एक ठोका दिला. मग लिफ्टने सातव्यावर गेली. ती तिन्हीसांजेला परत आली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. तिचे डोळे सुजलेले होते आणि हातात मालवणी मसाल्याची बरणी होती.

नोटीस नंतर कोणीतरी काढून टाकली. ठोके आले की मधल्या मजल्यांवरच्या बायकाही चहाचं आधण ठेवतात, असं मला नवव्या मजल्यावरच्या इंदूकडून कळलं.

नलूमावशी मागच्या दिवाळीनंतर गेली. झोपेतच गेली, फार हाल झाले नाहीत. शेवटच्या वर्षात तिचे कान पार गेले होते. प्रसादने आणलेलं यंत्र ती कपाटात ठेवायची, म्हणायची, "त्याच्यात सगळ्यांचोच आवाज येता, माका नको." गणपतीत ती माईकवर बसली, पण कोण काय ओरडतंय ते तिला ऐकू येत नव्हतं. लोक हात वर करून सांगायचे.

मी तिला शेवटची बघितली ती दसऱ्याच्या आदल्या दुपारी. शाळेतून येताना प्रसादसाठी काही द्यायचं होतं म्हणून सातव्यावर उतरले. ती लिफ्टच्या दारासमोरच होती, माझ्याकडे अर्धवट पाठ. बत्ता जिन्याच्या पायरीवर ठेवलेला. म्हणजे तिचं ठोकून झालं होतं. बांगड्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, उजवा तळवा त्या लाल पाइपवर सपाट टेकवलेला, आणि तोंड खिडकीकडे, डोळे मिटलेले. मी "मावशी" म्हटलं. तिला ऐकू गेलं नाही. मी पुढे जाऊन तिच्या खांद्याला हात लावणार, तेवढ्यात वरून ठोका आला. मला तो कानाने कळला. तिला तळहाताने.

तिने डोळे उघडले. समोर कोणी नव्हतं, माईक नव्हता, मी मागे आहे हेही तिला ठाऊक नव्हतं. पण मोकळ्या जिन्यात, पाच मजले ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ती म्हणाली, "सतरा! नंबर सतरा, आमची शांता!"

आणि चहा उतू जाईल म्हणून घाईघाईने आत गेली.